आप्पांनी परत पाठवलेली नोटीस

ज्या नोटिशीनं आप्पांची मेंबरकी गेली, ती नोटीस त्यांच्या घरी मीच नेली होती.

आज त्यांचा बारावा. लिहू की नको, लिहू की नको करत इतके दिवस काढले. आता लिहून मोकळी होते.

कर्नाटकात, निपाणीच्या बाजूचं आमचं गाव. आप्पा तिथल्या नगरपालिकेचे मेंबर आणि मी त्याच नगरपालिकेत क्लार्क.

सीमाभागात मराठीसाठी भांडणारे पुष्कळ बघितले. आप्पाही जेलात जाऊन आले. पण मला त्यांचे मोर्चे आठवत नाहीत. त्यांची पडवी आठवते.

माझे बाबा तंबाखूच्या वखारीत हमाल. आमच्या वस्तीतली पहिली ग्रॅज्युएट मी. नोकरीसाठी कन्नडची परीक्षा पास व्हायला लागायची, आणि मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं.

आप्पांच्या कानावर गेलं. त्यांनी बाबांना निरोप धाडला, "पोरीला रोज सकाळी सातला लावून दे."

सहा महिने आप्पांनी मला कन्नड शिकवलं. स्वतः.

आमच्या वस्तीतली पोरगी पडवीत खुर्चीवर बसते म्हणून त्यांच्या भावकीत कुजबुज झाली. दुसऱ्या दिवशी आप्पांनी आणखी एक खुर्ची काढली आणि माझ्या बाबांनाही बसवलं. विषय संपला.

मी एकदा धीर करून विचारलं, "आप्पा, तुम्ही तर कन्नडच्या विरोधात ना?"

"कोन म्हनलं? भाषेशी भांडान न्हाय गं माझं. सक्तीशी हाय. चल, फुडलं वाच."

आणखी एक गोष्ट शिकवली. "अर्ज दिला की शिक्का मारून पोच घ्यायची. पोच न्हाय, तर तू अर्ज दिलाच न्हाईस."

मला नोकरी लागली. पेढे घेऊन पहिली त्यांच्याकडेच गेलते.

मग ते अजेंड्याचं प्रकरण सुरू झालं. मीटिंगचा अजेंडा मराठीतही द्या, एवढंच आप्पांचं म्हणणं. मिळेना. मग ते प्रत्येक मीटिंगला वेळेवर यायचे आणि हॉलच्या बाहेर बाकावर बसायचे. आत पाऊल टाकायचे नाहीत. सहीचं रजिस्टर आत.

पहिल्या मीटिंगला सगळे मराठी मेंबर त्यांच्याबरोबर बाहेर बसले. दुसऱ्या मीटिंगला दोघं उरले.

तिसऱ्या मीटिंगला आप्पा एकटे. मी चहा नेऊन दिला.

"आप्पा, आत जाऊन नुसती सही तरी करा हो."

"अजेंडा मराठीत आन. पळत येतो."

लागोपाठ गैरहजर म्हणून नोटीस निघाली. मुदतीत खुलासा द्या, नाहीतर मेंबरकी रद्द. सगळी कन्नडमध्ये. शिपाई रजेवर होता म्हणे, म्हणून पाठवलं कुणाला? मला.

तीच पडवी. आप्पांनी चष्मा लावला, नोटीस पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, घडी घालून माझ्या हातात परत दिली.

"मराठीत घिऊन ये."

"आप्पा, तुम्हाला वाचता येतं की! मला तुम्हीच शिकवलंय!"

"व्हय, झकास येतंय. पर आमच्या गल्लीतल्या म्हातारीला येत न्हाय. उद्या तिला नोटीस आली, तर तिनं कुनाचं दार वाजवायचं?"

"मी मराठीत लिहून देते. आत्ता देते."

"तू दिलीस तर ती तुझी मेहेरबानी. मला कचेरीचा कागद पायजे."

मी रडकुंडीला आले. "मेंबरकी जाईल हो, आप्पा."

"जाऊ दे. तुझी नोकरी तर जात न्हाय न्हवं? मग लिही, घ्यायला नकार दिला म्हनून."

मी लिहिलं. कन्नडमध्ये. खाली सहीही कन्नडमध्ये.

आप्पा वाकून बघत होते. म्हणाले, "वळान चांगलं बसलंय गं."

त्या एका वाक्यानं माझी झोप कितीदा उडाली असेल, देवाशपथ सांगते.

मेंबरकी गेली. त्यांच्या जागी निवडून आला तोही मराठीच. त्यानं अजेंडा कधी मागितला नाही. आज चौकात आप्पांचा सगळ्यात मोठा फ्लेक्स त्याचाच आहे, 'झुंजार नेतृत्व हरपले' म्हणून. वीट आलाय मला या फ्लेक्सांचा.

आप्पांनी मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. मीच त्यांची गल्ली टाळली. वळसा घालून ऑफिसला जात राहिले, इतकी वर्षं. भेटायचं राहून गेलं ते गेलंच.

आता मी जन्म-मृत्यूच्या टेबलावर आहे. परवा त्यांचा मुलगा, आमचा सुभाषदादा, दाखला न्यायला आला. मी प्रिंट काढली. आप्पांचं नाव कन्नडमध्ये.

दादानं कागद बघितला, घडी घातली, खिशात ठेवला. भांडला असता तर बरं झालं असतं.

त्या दुपारी मला डबा गेला नाही. कोरा कागद घेतला आणि अर्ज लिहिला. दाखला मराठीतही मिळावा म्हणून. माझ्याच ऑफिसला, माझ्या नावानं, मराठीत. उभ्या नोकरीत पहिल्यांदा. खाली सहीही मराठीत.

आवक-जावकच्या टेबलावर बसवराज असतो.

"इदेनु, अक्का?" म्हणाला. हे काय?

"अर्ज. शिक्का मार."

"साहेब विचारतील."

"विचारू देत."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "आप्पांच्या दाखल्यासाठी का?" एवढंच विचारलं. दोन्ही प्रतींवर शिक्का मारला आणि एक मला परत दिली.

काही होणार नाही, मला माहीत आहे. कॉम्प्युटरमध्ये सोय नाही म्हणतील. मला मेमोही देतील कदाचित. तो कन्नडमध्येच येईल. वाचता येतो मला.

आज त्यांच्या गल्लीतून सरळ चालत गेले. पडवीत त्यांचा फोटो ठेवलाय. सगळ्यांनी फुलं वाहिली. मी पोच ठेवली.

उशीर लई झाला, आप्पा. पण अर्ज दिलाय आणि पोच घेतलीय.

जावा आता निवांत.