काकांचं थांबणं

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधले आमचे शेजारचे काका बोलता बोलता मध्येच थांबतात. विसरतात म्हणून नाही. एक बोट वर करतात, चांगला मिनिटभर गप्प राहतात आणि अर्धं वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे सुरू करतात. गणपतीत आभार मानताना ते असेच थांबले, तर भाषण संपलं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि जेवायला उठले.

"शिकागोची हॅबिट आहे ती," काकू म्हणाल्या. लग्नानंतर त्यांचं बिऱ्हाड शहरात होतं, रस्त्यावरच्या पुलावरून धावणाऱ्या रेल्वेच्या एका स्टेशनला खेटून. गाडी आली की घरातलं बोलणं बंद. पुढे ते स्टेशनच बंद झालं, हे दोघं इकडे आले, पण काकांचं थांबणं काही गेलं नाही.

मला एकच कळत नव्हतं. गाडी जायला इतका वेळ कशाला लागतो?

एका उन्हाळ्यात मी दोघांना तिथे घेऊन गेलो. स्टेशनचे जिने काढून टाकलेले, वर फलाटाच्या फळ्यांत गवत, आणि गाड्या न थांबता जाणाऱ्या. खाली उभे राहून काका रंगात आले होते. "तुझी काकू जॉबवरून याच गाडीने यायची, आणि मी खिडकीतून..."

बोट वर गेलं. डोक्यावरून गाडी धडधडत निघूनही गेली. काका गप्पच. शेजारी काकू हसू दाबत उभ्या.

"काका, गाडी गेली."

"थांब रे," काका म्हणाले, "तिला उतरू तर दे."