रिकाम्या खुर्चीवरचा चौकोन

आधीच सांगून टाकते — मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. कुणी म्हणालं "आपोआप झालं", की मी पहिला प्रश्न विचारते, "परत करून दाखव." नागपूरला शाळेत असताना मैत्रिणी ज्या चिंचेखालून जायला घाबरायच्या, तिथेच बसून मी चिंचा खायचे. इथे छापून येणारे अनुभव वाचतानाही मी आजवर मनातल्या मनात प्रत्येकाचं पोस्टमॉर्टम केलंय, माफ करा. आता माझी पाळी आहे. करा खुशाल.

मी आणि माझा नवरा सुहास बंगळुरात आलो तेव्हा आधी मारतहळ्ळीत राहायचो. पुढे दोघांचंही काम बरंचसं घरून सुरू झालं, आणि आम्ही राजाजीनगरात एका जुन्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खाली घरमालक — अण्णा आणि अक्का. मराठीच, पण इथलेच. त्यांच्या घराण्याला इकडे येऊन कित्येक पिढ्या झाल्यात. अक्कांचं मराठी ऐकून पहिले काही महिने मी नुसतीच मान हलवायचे. "स्वल्प थांब गं, काफी आणते" इतकं कळायचं, आणि तेवढं पुरायचं. "सल" म्हणजे खेप, हे पुढे कळलं.

अण्णा उंच, शिडशिडीत, कमी बोलणारे. सरकारी कारखान्यातून रिटायर झालेले. गळ्यात कायम एक छोटा डिजिटल कॅमेरा. जिन्यात भेटले की मान हलवायचे, बस्स. हसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. आम्ही राहायला आल्यावर वर्षभरातच ते गेले.

आता फोटोंबद्दल. इथल्या मराठी लोकांचा एक ग्रुप आहे, त्यात दर आठवड्याला फोटोचं चॅलेंज असतं. सोमवारी विषय येतो, रविवार संध्याकाळपर्यंत फोटो टाकायचा. त्याच आठवड्यात काढलेला हवा, एडिटिंग नाही, एकाने एकच. या वर्षी मी हौसेने नाव दिलं आणि तोंडावर पडले! "सकाळ" या विषयाला मी डोशाच्या वाफेचा फोटो पाठवला. लोकांना वाटलं, भिंतीला ओल आलीये. ग्रुपचे ॲडमिन — आम्ही त्यांना ॲडमिनकाका म्हणतो — प्रत्येक फोटोची मनापासून खरडपट्टी काढतात. माणसाच्या डोक्यावर फ्रेममध्ये किती मोकळी जागा सोडायची, याला हेडरूम म्हणतात, हे मला त्यांच्याकडून शिव्या खाऊनच कळलं.

एका सकाळी मी अंगणात पोटावर पालथी पडून मोबाइलने रांगोळीचा फोटो काढत होते. अक्का दारात येऊन बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि अण्णांचा कॅमेरा घेऊन आल्या.

"पेटीत पडून काय करायचा? घे तू. पण आतले फोटो पुसू नकोस हं, पोरी."

"नाही हो अक्का. उलट सगळे कॉपी करून देते."

"त्यात आमचे हे कुठे सापडतात का, ते बघ."

तेव्हा मला त्यांचं दुखणं कळलं. अण्णांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. हॉलमध्ये जो फोटो लावलाय, तो कारखान्याच्या आयकार्डावरून मोठा केलेला. त्यातला माणूस ताठ, डोळे वटारलेला. अक्का त्याला हार घालायच्या, पण बघायच्या नाहीत.

"हे कुणीतरी साहेब आहेत," त्या म्हणाल्या. "लग्नातला फोटो आहे, त्यात पोरगं दिसतं. मी ज्यांच्याबरोबर म्हातारी झाले, ते कुठेच नाहीत."

मी म्हटलं, असं कसं होईल? रात्रंदिवस कॅमेरा गळ्यात घेऊन फिरणारा माणूस! पण कार्ड उघडून पाहिलं. अण्णांनी काढलेल्या फोटोंत अक्का होत्या... जास्वंद तोडताना, दळण आणताना, उन्हात केस वाळवताना. अक्कांनी काढलेल्या फोटोंत अण्णा होते, पण गळ्यापासून खाली. नुसते शर्ट! निळा शर्ट, चौकड्यांचा शर्ट, स्वेटर, खिशाला पेन. एकातही डोकं नाही.

"मी बटण दाबते तेव्हा कॅमेरा खाली जातो," अक्का म्हणाल्या. "प्रत्येक सल डोकं कापते मी. हे चिडायचे... मग शेवटी त्यांनीच हसायचं लावून दिलं."

"हसायचं" म्हणजे स्माइल मोड. त्यात बटण दाबावं लागत नाही. समोरचा हसला की कॅमेरा स्वतःच फोटो काढतो. अण्णांनी तो लावला, दोन्ही हातांनी कॅमेरा खालून कसा धरायचा ते शिकवलं, आणि जाऊन आपल्या वेताच्या खुर्चीत बसले. अक्का धरून उभ्या. आणि अण्णा काही हसेनात!

"मला खोटं हसता येत नाही म्हणाले. माझे हात दुखले गं. मी म्हटलं, मग राहू द्या तुमचा फोटो. कॅमेरा ठेवला आणि आत फोडणी घालायला गेले." अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "पुढच्याच महिन्यात गेले. स्वल्प आणखी थांबले असते मी, तर काय बिघडलं असतं?"



त्या आठवड्याचा विषय आला — "रिकामी जागा". मी फार विचार केला नाही. खालच्या व्हरांड्यात अण्णांची वेताची खुर्ची तशीच आहे, पाठीवर त्यांचा टॉवेलसुद्धा. अक्कांना विचारलं, त्या "काढ की" म्हणाल्या. रविवारी सकाळी, छान ऊन आलेलं असताना, मी समोर स्टुलावर कॅमेरा ठेवला आणि स्क्रीनकडे पाहिलं.

खुर्चीच्या वर एक पिवळा चौकोन होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — असा कॅमेरा समोरचा चेहरा ओळखतो आणि त्याभोवती चौकोन दाखवतो. म्हणजे कॅमेऱ्याच्या मते तिथे कुणाचा तरी चेहरा होता. खुर्ची रिकामी होती.

मी घाबरले नाही. खरंच नाही. मला वाटलं, वा, बग सापडला! भिंतीवर कॅलेंडर होतं, ते काढलं. चौकोन तिथेच. टॉवेल काढला. तिथेच. कॅमेरा बंद करून चालू केला, स्टूल सरकवलं, पडदा ओढून उजेड कमी केला... तिथेच. मग खुर्ची उचलून बाजूला ठेवली. चौकोन गेला. खुर्ची परत ठेवली, चौकोन आला. मग मात्र मी सुहासला हाक मारली.

"जुना कॅमेरा आहे गं, सेन्सर गेला असेल," तो जिन्यातूनच म्हणाला. सुहास डेव्हलपर आहे; न बघता निदान करण्यात या लोकांचा हात कुणी धरणार नाही.

"ये आणि बस खुर्चीत."

तो बसला. चौकोन त्याच्या चेहऱ्यावर आला, तो हलला तसा हलला. म्हणजे कॅमेरा ठणठणीत होता. "आता ऊठ," मी म्हटलं. तो उठला. चौकोन परत आपल्या जागी गेला — सुहासचं डोकं होतं त्याच्यापेक्षा वीतभर वर.

सुहास साडेपाच फुटांचा आहे. अण्णा किती उंच होते, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. अरे बाप्पा... तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"अक्कांना सांगू नकोस," सुहास हळूच म्हणाला. "उगाच आशा लागेल त्यांना."

मलाही ते पटलं. मी कॅमेरा बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात अक्काच कॉफीचे लोटे घेऊन आल्या. माझ्या खांद्यावरून त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं.

"हा चौकोन कसला गं?"

खोटं बोलायला हवं होतं. पण जमलं नाही. "कॅमेरा चेहरा शोधतो ना, अक्का... तो."

"कुणाचा?"

अक्कांनी लोटे कठड्यावर ठेवले. हात पदराला पुसले. त्या घाबरल्या नाहीत की रडल्या नाहीत. कुकरची शिट्टी झाल्यावर उठतात, तितक्या सहज पुढे आल्या.

"आण इकडे. आणि ते हसायचं लाव."

मी स्माइल मोड लावला. अक्कांनी कॅमेरा दोन्ही हातांनी खालून धरला, अण्णांनी शिकवला होता तसा. बटणापाशी त्यांचं एकही बोट नव्हतं. मी शेजारीच उभी होते, नीट पाहिलंय. सुहास आमच्या मागे, दारात. फ्रेममध्ये खुर्ची आणि भिंत, दुसरं काहीही नाही. स्क्रीनवर चौकोन.

काही झालं नाही. अक्कांचे हात दुखायला लागले असावेत, कारण चित्र डुलायला लागलं. चौकोनही खुर्चीबरोबर डुलत होता. मी म्हटलं, "अक्का, मी धरू का?"

"नको." मग त्या समोर बघून बोलायला लागल्या. आमच्याशी नाही. "मी आज आत जाणार नाही बघा. भात करपला तर करपू दे. तुम्हाला खोटं हसता येत नाही ना? मग खरं हसा. प्रत्येक सल डोकं कापते म्हणून सगळ्या गल्लीला सांगत होता ना, आता बघा कसं धरलंय ते. अय्यो, किती छळाल हो? स्वल्प हसा की!"

खट्.

कॅमेऱ्याने फोटो काढला.

बाहेर भाजीवाल्याची हाक चालू होती, समोरच्या घरात कुणीतरी बादली भरत होतं. अक्कांनी कॅमेरा छातीशी धरला आणि विचारलं, "आले का?"

मी फोटो उघडला. रिकामी खुर्ची, मागे भिंत, एका बाजूने ऊन. बस्स. मी तो मोठा करून, कोपरान् कोपरा तपासलाय, त्या दिवशीही आणि नंतर कित्येकदा. कुणीही नाही. धूसर आकृती नाही, सावली नाही. ज्यांना तसलं काही हवं असेल त्यांची निराशा होईल. मी स्क्रीनच अक्कांपुढे धरली.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "सरी," म्हणजे "बरं", एवढंच म्हणाल्या. मग त्याच खुर्चीच्या पायाशी बसून ढसाढसा रडल्या. मीही रडले. सुहास आत जाऊन गॅस बंद करून आला, भात खरंच करपला होता.

कॅमेरा परत खुर्चीकडे वळवला तेव्हा चौकोन नव्हता. त्यानंतर तो कधीच आला नाही. सुहासने — हो, त्यानेच — दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच उजेडात सगळं तसंच मांडून पाहिलं. वेताच्या विणीत चेहऱ्यासारखा आकार दिसला असेल, टॉवेलमुळे भास झाला असेल, असं आम्ही एकमेकांना समजावलं. पण टॉवेल तर मी आधीच काढला होता. आणि चौकोन विणीवर नव्हताच, खुर्चीच्या वर होता. बरं, मानलं की चेहऱ्याचा भास झाला. पण हसल्याचा? तोही तेव्हाच, आणि एकदाच? आमच्याकडे याला "नॉट रिप्रोड्युसिबल" म्हणतात, म्हणजे परत करून दाखवता न येणारं. डेव्हलपरने हे उत्तर दिलं की मी आजवर भांडत आलेय. आता तेच उत्तर मी तुम्हाला देतेय. दुसरं माझ्याकडे नाही.

वर्षश्राद्धाला हॉलमधला साहेबांचा फोटो उतरवला गेला. त्या जागी हा आहे, चौकटीत, हार घातलेला. आलेल्या नातेवाइकांनी एकमेकांकडे पाहिलं, पण अक्कांना विचारायची कुणाची छाती झाली नाही. अक्का आता हार घालून झाला की समोर उभ्या राहून नीट बघतात.

चॅलेंजला माझा फोटो त्या आठवड्यात गेलाच नाही. अक्कांना विचारून मी त्यांचाच पाठवला, त्यांच्या नावाने. घडलेलं काही लिहिलं नाही. नंबर वगैरे आला नाही. ॲडमिनकाकांनी मात्र शिरस्त्याप्रमाणे हजेरी घेतली: "खुर्चीच्या वर एवढी जागा का सोडली आहे? विषय खुर्ची असेल तर कॅमेरा खाली हवा होता. कुणी बसलेलं असतं तर हेडरूम अगदी अचूक म्हटली असती."

अक्का अवरेकाळूच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी त्यांना ते वाचून दाखवलं, हेडरूम म्हणजे काय तेही सांगितलं. त्यांचा हात थांबला. मग त्या हसल्या, आणि मला म्हणाल्या,

"लिही त्यांना. म्हणावं, या सल मी डोकं कापलं नाही."