भावाबद्दलची पोस्ट

समुपदेशनाच्या प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, की समोर बसलेल्या माणसाला आपल्याबद्दल काही कळू द्यायचं नाही. भिंतीवर घरचे फोटो नकोत, टेबलावर देव नकोत, आणि त्याने काही विचारलं तर प्रश्न हळूच त्याच्याकडे वळवायचा. मी ते वहीत नीट लिहून घेतलं आणि शहाद्याच्या दवाखान्यात रुजू झाले. पहिल्या दिवशी पहिलीच बाई खुर्चीत टेकली आणि म्हणाली, "तू कोनता गावनी शे, बाई? तुन्हं माहेर कोठे शे?" मी प्रश्न हळूच तिच्याकडे वळवला. तिने पिशवी उचलली आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी सांगायला लागले. माहेर विसरवाडीचं, वडिलांचं हायवेवर टायरचं दुकान, सासर इथलंच, मुली दोन. आमच्याकडे ज्याचं गाव माहीत नाही त्याच्यापुढे कोणी मन उघडं करत नाही, हे मलाही जन्मापासून ठाऊक होतं. प्रशिक्षणाच्या भरात विसरले होते. पण मी काय सांगते आणि किती सांगते, ते समोरचा माणूस बघून ठरवायचे. विसरवाडीपर्यंत यायला हरकत नव्हती. त्यापुढे माझा भाऊ होता, आणि तिथवर मी कोणाला येऊ दिलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी त्याने स्वतःचं आयुष्य स्वतः संपवलं.

ब्राह्मणपुरीची एक बाई दर गुरुवारी यायची. पस्तिशीची, घरी केळी-पपईची बरी शेती, नवरा भला, सासू तोंडाने तिखट पण मनाने वाईट नाही. झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवली होती. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसायची, मला मॅडम म्हणायची, आणि चार गुरुवार तिने मला फक्त घरातल्या कामांची यादी सांगितली. मी ऐकत राहिले. आमच्या कामात निम्मा पगार यादी ऐकण्याचाच असतो. चौथ्या गुरुवारी निघताना ती दाराशी थांबली. एक गोष्ट सांगायची आहे, म्हणाली, अजून कोणालाच सांगितलेली नाही. मी म्हटलं, बस, सांग. ती म्हणाली, "आते नको, मॅडम. पुढला बेस्तरवारले सांगसू."

त्या पुढच्या गुरुवारच्या आदल्या दिवशी, बुधवारी, भाऊ गेल्याची तारीख होती. दरवर्षी मी त्या दिवशी गप्प असते. त्या वर्षी का कोण जाणे, सकाळी चहा घेता घेता फेसबुकवर लिहायला बसले. सगळं लिहिलं. तो कसा गेला, आधीच्या महिन्यात तो किती हसायचा, आणि याच क्षेत्रात काम करणाऱ्या त्याच्या बहिणीला काही कसं कळलं नाही. शेवटी लिहिलं, बोला, कोणाशी तरी बोला. हेतू चांगला होता असं म्हणता येईल. पण दिवसभर मी दर दहा मिनिटांनी फोन उघडून किती लोकांनी वाचलं ते बघत होते, हेही खरं आहे. लोक मला धाडसी म्हणत होते आणि मला ते आवडत होतं. दुपारपर्यंत पोस्ट गावागावांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचली. कोणीतरी वर माझा फोटोही चिकटवला होता.

गुरुवारी दार उघडलं तर ब्राह्मणपुरीची बाई उभी होती. मागे सासू आणि भावकीतल्या दोघी. चौघींच्या डोक्यावर पदर. खुर्चीकडे कोणी बघितलंही नाही. चौघी भिंतीला धरून जमिनीवर बसल्या आणि सासूने गळा काढला. मला समजायला थोडा वेळ लागला. त्या दारवर आल्या होत्या. आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला जाण्याला दारवर जाणं म्हणतात, आणि बातमी जेव्हा कळते तेव्हा जावं लागतं. वर्षं किती झाली ते बघत नाहीत. माझं घर त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्या माझ्या खोलीच्या दारावर आल्या. सासू डोळे पुसत म्हणाली, "आमले काही मालूमच नव्हतं, बाई. काल समजनं."

बाहेर नऊ पेशंट बसले होते. मी उठून त्यांना जा म्हणू शकत नव्हते, तसं कोणी करत नाही. मीही खाली बसले. आणि सांगायला हवं, मला बरं वाटलं. भाऊ गेला तेव्हा, तो ज्या प्रकारे गेला त्यामुळे, आमच्या दारवर फार थोडे लोक आले होते. अर्ध्या तासाने त्या पाणी पिऊन उठल्या. ब्राह्मणपुरीची बाई जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. दारवर आलेलं माणूस स्वतःचं रडगाणं काढत नाही, ही आमची रीत. त्या दिवशी तिने काही सांगितलं नाही यात मला नवल वाटलं नाही.

पुढचे तीन गुरुवार ती नेमाने आली. आता ती मला ताई म्हणायची. जेवण झालं का विचारायची. एकदा शेवग्याच्या शेंगा घेऊन आली, एकदा पपई. तिचं कसं चाललंय विचारलं की म्हणायची, "मन्हं काय, चालस ते. तू तुन्हा जीवले जप." खुर्चीत मी बसायचे आणि समुपदेशन ती करायची. पोस्ट मी काढून टाकली, पण लोकांच्या फोनमधून ती काढणं माझ्या हातात नव्हतं. समोरासमोर सांगितलेलं मी ऐकणाऱ्याच्या मापाने बेतते. पोस्ट लिहिताना ही बाई माझ्यासमोर नव्हती, आणि वाचणारी मात्र तीच होती.

तिसऱ्या गुरुवारी डॉक्टरांचा कागद बघितला. झोप अजून नाही, वजन चार किलोने उतरलेलं. एक प्रश्न मी प्रत्येक पेशंटला विचारते, तो छापील फॉर्मवरच आहे. तिला मी तो पोस्टनंतर एकदाही विचारला नव्हता. आता विचारला. "जीव देवाना इचार मनमा येस का?"

उत्तर देण्याआधी तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं, तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावून बघतात तसं. मग म्हणाली, "नही, ताई. तसं काहीच नही."

मी तिच्या नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं आणि त्याच दिवशी दोघांना नंदुरबारला पाठवलं. तिथे माझे एक सहकारी डॉक्टर आहेत. लांबचे कुठले तरी, पुस्तकी मराठी बोलतात, आणि इतक्या वर्षांत त्यांचं गाव कोणाला काढून घेता आलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच्या जागी सूर्यफुलाचा फोटो. त्या सूर्यफुलावरून मी त्यांची पुष्कळ थट्टा केली आहे. लोक त्यांच्याशी बोलत नाहीत असं मी सगळ्यांना सांगत असे.

ती त्यांच्याशी तासभर बोलली. नवऱ्यालाही सगळं सांगितलं गेलं, गोळ्या सुरू झाल्या, फवारणीची औषधं घरातून हलवली गेली. ती आजही दर पंधरवड्याला नंदुरबारला जाते आणि बरी आहे. तिची ती गोष्ट काय होती ते मी विचारलेलं नाही.

फक्त जिवाला धोका असेल तर आम्ही एकमेकांना कळवतो, हे तिलाही पहिल्या दिवशी सांगितलेलं होतं. त्याप्रमाणे तिला पाठवलं त्याच संध्याकाळी नंदुरबारच्या डॉक्टरांचा फोन आला.

"तो प्रश्न तुम्ही विचारला होता का?" त्यांनी विचारलं.

"विचारला. नाही म्हणाली."

"मला हो म्हणाली. बऱ्याच दिवसांपासून, म्हणाली." पुढचं वाक्य त्यांनी तिच्याच बोलीत, अडखळत, लिहून घेतलेलं वाचून दाखवलं. "ताईले सांगू नका, सायेब. तिना भाऊ तसाच गयेल शे."