तिसऱ्या प्लगची वायर

माझ्या गॅरेजच्या दारावर एक पाटी होती. 'गाडीला काय झाले आहे हे आपण सांगू नये. ते आम्ही ऐकतो.' पाटी मीच रंगवली होती आणि तिचा मला अभिमानही होता. शनिवार पेठेतल्या एका गल्लीत, जेमतेम दोन गाड्या मावतील एवढ्या जागेत मी अडतीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय. त्यातली निम्मी तरी गिऱ्हाइकांना गप्प बसवण्यात गेली. लोक गाडी आणतात आणि तिचा रोगही स्वतःच सांगतात. एकाने तर मला कार्बोरेटर साफ करायला सांगितला होता. त्याच्या गाडीला कार्बोरेटर नव्हताच. मी म्हटलं, आधी तुम्ही तो बसवून आणा, मग मी साफ करतो.

ही मिजास मला परवडत होती, कारण मला खरंच ऐकू यायचं. इंजिन नुसतं जागेवर चालू ठेवलं की कोणता सिलिंडर कामचुकारपणा करतोय हे मी बॉनेट उघडण्याआधी सांगायचो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं, त्याची मूठ कानामागच्या हाडावर दाबायची, की आतलं सगळं समजतं. आता गाडीला जोडून दोष दाखवणारी यंत्रं निघालीत. माझ्याकडेही एक आहे. पण त्या यंत्रासाठी कोणी खराडीहून गाडी घेऊन पेठेत येत नाही. तिकडे याहून मोठी यंत्रं आहेत. लोक यायचे ते माझ्या कानासाठी. कान गेला तर दुकानात पाने आणि तेलकट फडकी सोडून काही उरणार नाही हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी त्याचा विचार करत नसे.

घरी तोवर बरीच शांतता झाली होती. आधी बायको टीव्हीच्या आवाजावरून कटकट करायची, कुकरच्या शिट्ट्या मोजल्या नाहीत म्हणून चिडायची. मी म्हणायचो, तू पुटपुटतेस, नीट बोल. मग ती हळूहळू बोलायचीच कमी झाली. मला कामं सांगायची असली की चिठ्ठीवर लिहून फ्रिजला लावायची. मला वाटलं, वय झालं, बिचारी विसरायला लागली. मी तिला बदाम आणून दिले.

अशात एक बाई आल्या. सदाशिव पेठेत राहणाऱ्या, एका प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळी हयात चौथीचे वर्ग सांभाळलेले, त्यामुळे समोरचा कितीही वयाचा असो, त्याच्याकडे त्या चौथीतला असल्यासारखंच बघायच्या. त्यांची पंधरा-सोळा वर्षांची छोटी पेट्रोल गाडी मी पहिल्यापासून बघतोय. आठवड्यातून दोनदा त्या गाडी घेऊन मुलीकडे खराडीला जायच्या. गाडी आता सिग्नलला उभी राहिली की थरथरायची आणि मधूनच बंद पडायची.

"अहो, इंजिनात काहीतरी टिक टिक वाजतं," त्या म्हणाल्या. "आणि गाडी धुतली की जास्त होतं."

मी बोटाने पाटी दाखवली. त्यांनी ती वाचली आणि चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.

मी इंजिन चालू करून ऐकलं. जागेवरची गती वरखाली होत होती, हे खरं. असं झालं की पहिला संशय हवेच्या वाटेवर घ्यायचा. फिल्टर पाहिला. इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी उघडली, तर आत काजळीचा थर. ती साफ केली. गाडी उभी असताना इंजिनाला बेताची हवा पुरवणारी छोटी झडप असते, तीही धुतली. कुठे नळीला चीर पडून जास्तीची हवा आत जातेय का हे बघायला सगळ्या जोडांवर क्लीनर फवारला. गती जराही बदलली नाही, म्हणजे नळ्या ठीक. इंजिन कसं मऊ चालायला लागलं. मी बाईंना गाडी दिली आणि सिग्नलला आता डुलकी काढलीत तरी चालेल असं वर सांगितलं.

आठ दिवसांनी बाई परत. यंत्र लावलं, त्याने काही दोष दाखवला नाही. बॅटरी तपासली. बंद गाडीत साडेबारा व्होल्टच्या वर, चालू केल्यावर चौदा. म्हणजे चार्जिंग नीट. अर्थिंगची पट्टी काढून घासून घट्ट केली. प्लग काढले. तीन जण विटकरी, चांगले जळलेले, आणि तिसऱ्या सिलिंडरचा मात्र काळा, ओलसर. मी चारही बदलले. काळा प्लग सापडला याचाच मला एवढा आनंद झाला, की तो काळा का झाला हे मी स्वतःला विचारलं नाही. नवीन प्लगला ठिणगी सहज पडते, त्यामुळे चार दिवस बरं वाटतं. शिकाऊ पोराला पहिल्या महिन्यात सांगायची ही गोष्ट.

"ती टिकटिक अजून आहे," बाई जाताना म्हणाल्या.

"इंजेक्टरची असते बाई. पेट्रोल फवारताना टिकटिक होणारच."

"ती एकसारखी असते, ती मला माहितेय. ही मध्येच येते. धुतल्यावर जास्त येते."

"तुम्ही गाडी चालवता की तिचं ऐकत बसता?"

त्या चावी घेऊन गाडीत जाऊन बसल्या. मला मात्र बरं वाटलं. काय पण बरं वाटायचं कारण.

तिसऱ्या वेळी त्या आल्या तेव्हा गाडी नदीवरच्या पुलावर ऐन गर्दीत बंद पडली होती आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून त्यांचा जीव नकोसा केला होता. दुपारचा एक वाजला होता. मी डबा उघडणार होतो. त्यांनी स्टूल ओढलं आणि दारातच बसल्या.

"मी आता जाणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही इंजिन चालू करा आणि माझ्यासमोर ऐका."

मी रागारागाने इंजिन चालू केलं. स्क्रू ड्रायव्हर कानामागे लावून एकेक जागा तपासली. व्हॉल्व्हची खटखट, पट्ट्याच्या पुलीची घरघर, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. यातच मी फसलो होतो. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, की जाड आवाज शाबूत असतात, आधी बारीक आवाज जातात. जे जातं ते गेलंय हे कळत नाही, कारण कळायला ते ऐकू यावं लागतं.

"नाहीये टिकटिक," मी म्हणालो.

"आत्ता वाजली."

"नाही वाजली."

"परत वाजली. अहो, तुम्ही माझ्या तोंडाकडे का बघताय? इंजिनाकडे बघा."

मी खरंच त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ओठांकडे. ते कधीपासून करायला लागलो होतो कोण जाणे. तिथे उभ्याउभ्या पहिल्यांदा मला त्यांचं ते दुसरं वाक्य आठवलं, जे त्यांनी प्रत्येक वेळी सांगितलं होतं आणि मी 'टिक' या शब्दापाशीच ऐकणं थांबवलं होतं. गाडी धुतली की जास्त होतं. ओल लागली की वाढणारा दोष विजेचा असतो. दुसरं काय असणार?

मी बाईंना गाडीत बसायला सांगितलं. शटर खाली ओढलं, धूर कोंडू नये म्हणून मागची खिडकी सताड उघडली आणि तिच्यावर पोतं टांगलं. आत बऱ्यापैकी अंधार झाला. बायकोची कपड्यांना इस्त्री करताना पाणी मारायची बाटली मी गॅरेजात आणून ठेवली होती, ती घेतली. "दोन मिनिटंच," मी म्हणालो. "टिक झालं की मोठ्याने 'आता' म्हणा."

बॉनेट उघडं असल्यामुळे बाईंना पुढचं काही दिसत नव्हतं. मला त्या दिसत नव्हत्या. मी प्लगच्या वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला आणि वाकून उभा राहिलो.

"आता," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या वायरीच्या पोटातून शेजारच्या लोखंडी पट्टीवर निळी ठिणगी उडाली. नखाएवढी.

"आता. आता."

दोन ठिणग्या. मग थोडा वेळ काही नाही. मी श्वास रोखून बघत होतो.

"आता."

ठिणगी. त्या म्हणतील तेव्हाच, आणि दरवेळी. वायरीचं रबर पट्टीला घासून चिरलं होतं आणि प्लगकडे जायचा करंट तिथूनच पळत होता. माझ्या चेहऱ्यापासून ती जागा हातभर असेल. मी इंजिनावर ओणवा होतो आणि बाई काचेच्या मागे, स्टिअरिंगपाशी. त्यांना ऐकू येत होतं. मला दिसत होतं फक्त. मी अजून चार-पाच ठिणग्या बघितल्या, खरं तर एकच पुरे होती. मला भीती वाटली. दोष सापडल्यावर मला आजवर कधी भीती वाटली नव्हती.

शटर वर केलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून चारही नव्या वायरी आणल्या, बसवल्या, पट्टीपासून लांब क्लिपमध्ये अडकवल्या. इंजिन चालू केलं. आता मी काय करायचं असतं, तर डोळे मिटून ऐकायचं आणि 'घेऊन जा' म्हणायचं. मी डोळे मिटले. छान वाटत होतं. पण छान तर मला पहिल्या दोन्ही वेळेलाही वाटलं होतं.

"बाई," मी म्हणालो, "गेली का हो?"

त्या खाली उतरल्या, इंजिनाशी येऊन उभ्या राहिल्या, एसी लावायला सांगितला, बंद करायला सांगितला. मी बाटलीतलं उरलेलं पाणी वायरींवर मारलं. पेपर तपासून होईपर्यंत मुलं उभी राहतात तसा मी उभा होतो.

"गेली," त्या म्हणाल्या.

मग पर्समधून पैसे काढता काढता, जणू हवापाण्याचं बोलावं तसं त्यांनी सांगितलं, "माझ्या वर्गात अधूनमधून एखादं मूल असायचं. काही विचारलं की अंगावर यायचं. सगळे म्हणायचे उद्धट आहे. मी त्याला पहिल्या बाकावर बसवायचे. चार दिवसांत उद्धटपणा कमी व्हायचा."

"मग?"

"मग पालकांना बोलावून सांगायचे, मुलाचे कान तपासून घ्या म्हणून." त्यांनी गाडीचं दार उघडलं. "आता तुमचे पालक मी कुठून आणू?"

त्या गेल्यावर मी डबा उघडला, पण जेवण गेलं नाही. मी पाटी उतरवली. स्क्रू गंजले होते, दोन कापावे लागले. संध्याकाळी नेहमीपेक्षा लवकर घरी गेलो. बायको ओट्यापाशी भाजी निवडत होती. लवकर का आलात, असं तिने विचारलं असावं.

"ऐकू येत नाही मला," मी म्हणालो. इतकं सरळ बोलायचं ठरवलं नव्हतं. "उद्या कान तपासून घेतो. चांगला डॉक्टर कुठला, ते कोणाला तरी विचार."

ती पाठमोरीच काहीतरी बोलली. एरवी मी 'नीट बोल' म्हणून ओरडलो असतो. मी उठून तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"काय म्हणालीस?"

तिने हात पुसले, फ्रिजपाशी गेली आणि दूधवाल्याच्या हिशेबाखालून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. तिच्या अक्षरात सदाशिव पेठेतल्या एका कानाच्या दवाखान्याचा पत्ता होता आणि खाली वेळ. कागदाचे कोपरे वळले होते. त्या फ्रिजमधून मी रोज पाण्याची बाटली काढतो.

"ही कधी लावलीस?"

"मागच्या दिवाळीत."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली.