चाकवताची जुडी

मत्सर वगैरे फार मोठे शब्द झाले. माझं आपलं पोटात दुखायचं, आणि तेही रोज बरोबर एक वाजता, डबे उघडले की.

तेव्हा मी पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. राहायला पेठेत. सकाळी सहाला नळ यायचा, तिथपासून पाणी, कुकर, पोळ्या, दोन मुलींच्या वेण्या आणि चार डबे एवढं उरकून मी साडेनऊची बस पकडायचे. संध्याकाळी साडेपाचला सुटून मंडईत पोचेपर्यंत साडेसहा. त्या वेळी मंडईत जे उरलेलं असतं त्याला आमच्या घरात भाजी म्हणत. मान टाकलेली मेथी, बोट लावलं तर दबणारी वांगी, आणि ज्याचं कधीच काही बिघडत नाही तो कोबी. मोसमात काय आलंय नि काय सरलंय हे मला सकाळी मंडईला जाऊन आलेल्या शेजारणी सांगायच्या.

तरीसुद्धा कचेरीतल्या जेवणाच्या टेबलावर माझा मान होता. आठ-नऊजण आम्ही रेकॉर्डच्या खोलीत जेवायचो. माझी डाळिंब्यांची उसळ असली की हेडक्लार्क स्वतःची खुर्ची उचलून माझ्या शेजारी आणून ठेवत. हा गृहस्थ कुणाला सहजासहजी चांगलं म्हणणारा नव्हता. एखाद्या मसुद्यावर 'ठीक' असा शेरा मिळाला तर लोक घरी जाऊन सांगत. तो माणूस सात वर्षं माझ्या शेजारी बसून जेवला. बढती मिळायची तेव्हा मिळो, पण ती खुर्ची माझ्या शेजारी आहे तोवर माझं बरं चाललंय असं मी धरून चालले होते.

मग धायरीच्या बाई आल्या. बदलीवर आल्या आणि नेमक्या माझ्यासमोरच्या टेबलावर बसल्या. धायरी तेव्हा गाव होतं, विहिरी होत्या, मळे होते. तिथल्या शेतकऱ्याच्या घरातली ही सून, मॅट्रिक झालेली, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. फायलीवर बोलताना 'आहे' म्हणायची आणि डबा उघडला की 'हाय'. मला ताई म्हणायची. मीही तोंडावर तिला अहो-जाहो करत असे. मनात मात्र ती 'ती'च होती, आणि इथेही मी तिला तसंच म्हणणार आहे.

तिचा डबा म्हणजे फडक्यात गुंडाळलेल्या दोन भाकऱ्या आणि एक कडीचा डबा. त्या कडीच्या डब्यानं माझी सात वर्षांची पुण्याई आठ दिवसांत संपवली. थंडीत ओल्या हरभऱ्याची आमटी. पावट्याची रस्सा भाजी. हरभऱ्याची कोवळी पानं खुडून केलेली भाजी, जी मी तोपर्यंत नुसती ऐकली होती. पावसाळ्यात शेवग्याचा पाला, तांदुळजा. तिचा डबा उघडला की कुठला महिना चाललाय ते कळायचं, आणि माझा उघडला की काल मंडईत काय खपलं नाही ते.

त्यातून तिला वानवळा द्यायची हौस. घरच्या शेतात काही आलं की चार घरी चाखायला पाठवायचं, तो वानवळा. एकदा हरभऱ्याचे डहाळे आणले पिशवी भरून. सबंध कचेरी घाटे सोलत बसली. फायलींवर हिरवी टरफलं. साहेब स्वतः केबिनमधून बाहेर आले आणि मूठभर घेऊन गेले. मीही घेतले. फार गोड होते, म्हणून जास्तच राग आला.

आणि एके दिवशी हेडक्लार्कांची खुर्ची सरकली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. ते डबा घेऊन आले, इकडे तिकडे पाहिलं, खुर्ची उचलली आणि तिच्या शेजारी नेऊन ठेवली. त्या दिवशी माझ्याकडे उसळ होती. मी ती उसळ तशीच घरी परत आणली आणि रात्री सगळ्यांना वाढली. मुली म्हणाल्या, आई, आज काय झालंय तुला?

काय होणार? नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. पण मी स्वतःची समजूत घालण्यात पटाईत. मी म्हटलं, यात तिचं काय कौतुक आहे? हात कुणाचा नि करणी कुणाची? तासाभरापूर्वी वाफ्यातून खुडलेली भाजी नुसती मीठ घालून उकडली तरी गोडच लागणार. तिच्या डब्यात चव आहे ती मळ्याची. तशी ताजी भाजी मला मिळू दे, मग दाखवते. हे मी त्या वर्षभरात नवऱ्याला इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी एकदा तो वर्तमानपत्र न हलवता म्हणाला, "मग आण की तशी भाजी."

आमच्याकडे पुरुष फार बोलत नाहीत, पण बोलले की झोपमोड होते. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी मंडईत. नवऱ्यानं पांघरुणातूनच विचारलं, लढाईबिढाई आहे का कुठे. मी पिशवी उचलून निघाले.

सकाळची मंडई मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होते. डोळ्यांत पाणी यायची पाळी आली. हे सगळं रोज असतं, आणि मी रोज संध्याकाळी जाऊन दबणारी वांगी आणते. बाहेरच्या बाजूला एक म्हातारी पोत्यावर चाकवताच्या जुड्या मांडून बसली होती. काय चाकवत होता! पानं जाड, लुसलुशीत, कोवळ्या शेंड्यांवर गुलाबी पिठी, आणि दव अजून वाळलं नव्हतं. प्रत्येक जुडी निळ्या कापडाच्या चिंधीनं बांधलेली, चिंधीवर पांढरे ठिपके. चार जुड्या घेतल्या. आजी, कुठून येता, एवढं विचारायलासुद्धा सवड नव्हती. नळ यायची वेळ झाली होती.

दोन जुड्या निवडल्या. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून कुकरला लावल्या. ताकात डाळीचं पीठ कालवलं, हिंग-मेथीची फोडणी केली, गुळाचा खडा टाकला. चाकवत खरं म्हणजे शिजल्यावर चांगला घोटायला हवा. घोटायचं माझ्या मनात होतं, पण घड्याळात नव्हतं. पळीनं चार वेळा फिरवला नि डबे भरले. नवऱ्यानं चमच्यानं चाखून पाहिला आणि मीठ बरोबर आहे म्हणाला. आमच्याकडे याला शाबासकी धरतात.

उरलेल्या दोन जुड्या मी पिशवीत घालून कचेरीत नेल्या. वानवळा म्हणून. वानवळा द्यायचा म्हणजे मळा हवा, तो मी बसमध्ये तयार केला. माझे मामा वाघोलीला शेती करतात. त्यांनी पाठवलाय. वास्तविक मामा आमच्याच पेठेत दोन खोल्यांत राहत होते आणि एक तुळशीची कुंडी सोडली तर त्यांच्या मालकीचं हिरवं असं काही नव्हतं. वाघोली का सुचली म्हणाल, तर धायरीच्या बरोब्बर उलट्या दिशेला, म्हणून. तिच्या वाऱ्यालासुद्धा नको होती मला माझी शेती.

एक वाजला. डबे उघडण्याआधी मी पिशवी टेबलावर ठेवली. एक जुडी हेडक्लार्कांना दिली आणि मामांचा मळा सांगितला. विहीर सांगितली. बैलजोडी सांगावी असं वाटलं, पण आवरलं. त्यांनी जुडी हातात घेऊन चष्म्यावरून पाहिली आणि म्हणाले की वाघोलीचे मामा याआधी कधी बोलण्यात आले नव्हते. मी म्हटलं, आमचं फार येणं-जाणं नसतं.

आणि मग मला मोठेपणाचा झटका आला. दुसरी जुडी मी तिच्यापुढे धरली. म्हटलं, तुमच्याकडे असेलच म्हणा, पण एकदा आमच्याकडचाही चाखून बघा. हे वाक्य मी सकाळपासून तीन वेळा मनात म्हणून पाहिलं होतं.

तिनं जुडी घेतली. उलटीपालटी केली. अंगठ्यानं ती निळी चिंधी जराशी चोळली. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा जुडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "जुडी छान बांधलीय."

मला वाटलं, बोलती बंद झाली.

योगायोग म्हणा, त्या दिवशी तिच्या डब्यातही चाकवतच होता. माझा ताकातला, गुळाचा. तिचा लसणीचा, हिरव्या मिरचीचा. मला तर हवंच होतं ते. आज एकाच टेबलावर एकच भाजी होती, आणि मळ्याची सबब आता तिलाही नव्हती नि मलाही नव्हती. मी माझा डबा सगळ्यांपुढे फिरवला. हेडक्लार्कांनी एक चमचा घेतला, जिभेवर घोळवला, आणि 'उत्तम' म्हणाले. 'ठीक'च्या जागी 'उत्तम'. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पण खुर्ची हलली नाही. उत्तम म्हणून झाल्यावर त्यांनी तिच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि तिच्या डब्यात बुडवला. मग आणखी एक. मग डब्याच्या कडेला लागलेलं त्याच तुकड्यानं पुसून घेतलं. बाकीच्यांचंही तेच. माझ्या डब्याला सगळे चांगला म्हणाले आणि तिचा डबा सगळ्यांनी संपवला. माझ्या डब्यात निम्म्याहून जास्त चाकवत तसाच राहिला. मी झाकण लावलं आणि डबा घेऊन हात धुवायला म्हणून उठले.

मागच्या व्हरांड्यात डबे धुवायचा नळ होता. मी तिथे जाऊन नुसती उभी होते. ती मागून आली, आपला रिकामा डबा नळाखाली धरला आणि आवाज न चढवता, फाईलमधली एखादी चूक दाखवावी तसं म्हणाली, "ताई, ही गाठ माझ्या सासूबाईंची हाय. अन् चिंधी माझ्या साडीची. लेकाच्या बारशाला नेसले होते ती."

तोंडात मारल्यासारखं झालं. ती म्हणाली की सासूबाई पहाटे पहिल्या गाडीनं मंडईला जातात, बाहेरच्या अंगाला बसतात. मामांचं मी कुणाजवळ बोलणार नाही, हेही तिनंच सांगितलं. मी न विचारता.

आता खरं तर मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, नाही असं नाही. पण खोटं कशाला लिहू? लाजेच्या आधी दुसरंच मनात आलं. म्हणजे भाजी एकच होती तर. एकाच वाफ्यातली. मग निदान एवढं तरी कळू दे, म्हणून मी विचारलं, की तुमच्या डब्यात होता तोही यातलाच का?

"वाफा तोच," ती म्हणाली. "पण चांगली पानं जुड्यांना जातात. घरात शिजतं ते राहिलेलं. पिवळं, किडकं काढून टाकायचं अन् उरेल त्याचं करायचं."

ती हे अगदी साधेपणानं बोलली. तिला माझ्या वर्षभराच्या समजुतीची काय कल्पना? मळ्यातला पहिल्या प्रतीचा माल माझ्या कुकरात गेला होता, आणि जे उरलं, जे विकण्याजोगं नव्हतं, ते खाऊन अख्ख्या टेबलानं बोटं चाटली होती. आता दोष द्यायला मळा उरला नव्हता, मंडई उरली नव्हती, साडेसहाची वेळ उरली नव्हती. उरले होते फक्त माझे दोन हात, आणि त्यातल्या एकात निम्मा भरलेला डबा होता.

तिनं त्या डब्याकडे पाहिलं. जरा घुटमळली. मग म्हणाली, "राहिलाय का त्यात? लग्नाला नऊ वर्षं झाली, पण आमच्यातली मंडईची जुडी मी कधी चाखली नाय."

मघाशी टेबलावर माझा डबा फिरला तेव्हा तिनं घेतला नव्हता, हे मला तेव्हा आठवलं. मी समजले होते की तोरा आहे. मी झाकण काढून डबा तिच्यापुढे केला. चमचा आत टेबलावर राहिला होता. तो आणायला वळले, तर तिनं नको म्हणून मान हलवली आणि बोटांनीच खायला लागली. उभ्यानं, नळाशी, खाली मान घालून, सावकाश. मध्ये एकदा एक अख्खं पान दोन बोटांत धरून उजेडात पाहिलं, कारण माझा चाकवत नीट घोटलेलाच नव्हता, आणि मग तेही खाल्लं. सगळा संपवला. शेवटी तळाशी राहिलेलं बोटानं पुसून घेतलं, माझ्या डब्याला त्या टेबलावर वर्षभरात कुणी पुसलं नव्हतं तसं. मग आपल्या डब्याबरोबर माझाही धुतला, पाणी झटकलं आणि माझ्या हातात दिला.

"भाजी गोड हाय, ताई," ती म्हणाली.

भाजी. मी ओला डबा धरून तशीच उभी राहिले, ती आणखी काहीतरी म्हणेल म्हणून. ती पदराला हात पुसत आत निघून गेली.