खुरसापुढचे चणे
चणे उकडल्याचा वास आला की मालवणच्या आमच्या वाडीतल्या खुरसापुढची, म्हणजे क्रुसापुढची, एक संध्याकाळ आठवते. मी तेव्हा शाळेत होते. मे महिन्यात सगळी वाडी संध्याकाळी खुरसापुढे लदीन, म्हणजे मरियामाउलीची नावं घेत करायची प्रार्थना, गायला जमायची. प्रार्थना संपली की उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे मिळायचे. चणे शिजवायचा मान सगळ्यांत म्हाताऱ्या बाईचा. त्या वर्षी ती आईच्या कानाशी येऊन म्हणाली, “चणे भिजत घालूक विसारलंय गो.” आईने लदीन सांगणाऱ्या म्हाताऱ्याला हळूच ते कळवलं. त्याने मान हलवली आणि मरियामाउलीची नावं संपत आली तशी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. एरवी चण्यांसाठी चुळबुळणारी आम्ही पोरं काय ते समजलो आणि मोठ्याने साथ देऊ लागलो. गुडघे टेकलेली म्हातारी माणसंही उठली नाहीत. एवढा वेळ काढूनही चणे कडकच राहिले. दात नसलेल्यांनी ते गालात धरले आणि चघळत घरी नेले. आता चणे शिजवायचा मान माझ्याकडे आहे. गेल्या मे महिन्यात मीही ते भिजत घालायला विसरले. चुलीशी मान खाली घालून बसले होते, तेवढ्यात लदीन सांगणाऱ्या कोवळ्या पोरीने नावं पुन्हा पहिल्यापासून घेतली.