भाकरीखालचं पत्रक

आमच्या न्हावऱ्याच्या ख्रिस्ती मंडळीला रविवारच्या उपासनेत दोन सतरंज्या पुरतात. मी पेटी वाजवतो, त्यामुळे कोण आलं, कोण नाही आणि उपदेशात कोण डुलक्या काढतंय, हे मला समोरून दिसतं. अंजनाकाकू गायकवाडांचा रविवार कधी चुकत नाही. डुलक्याही त्याच काढतात.

पण गावात मयत झालं की काकू सगळ्यांच्या आधी हलतात. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पिठलं-भाकरी न्यायची, ही आपल्याकडची रीत. काकू त्यात जात बघत नाहीत, धर्म बघत नाहीत. टोपली नेऊन ठेवतात, बायांच्या पाठीवरून हात फिरवतात आणि निघतात. कुणी विचारलंच, तर "आमच्या देवळात हेच शिकिवत्यात," एवढंच म्हणतात.

मग नवा पाळक आला, सुमित्र रणनवरे. राहायला दौंडला, उपासनेला मोटारसायकलवर आमच्याकडे. माणूस कळकळीचा, पण उठता-बसता मंडळीच्या वाढीचं बोलायचा. वरिष्ठांकडून विचारणा व्हायची, की भर पडत नसेल तर न्हावऱ्याची उपासना बंद करून शिरूरला जोडू. बिचारा हैराण. काकूंना म्हणाला, "एवढ्या घरांत जाता, प्रभूचा एक शब्दही सांगत नाही?"

"मयताच्या घरात मानूस ऐकायच्या ठिकानी असतं व्हय, पाळकसाहेब? आदी भाकर तरी खाऊ द्या की."

कोंडिबा पवारांचे वडील गेले, तेव्हा पाळक नेमका काकूंकडेच होता. काकू पिठलं हलवायला चुलीकडं वळल्या आणि यानं भाकरींखाली सुवार्तेची पत्रकं सरकवली. संध्याकाळी कोंडिबाची बायको नकुशी टोपली घेऊन काकूंच्या दारात उभी. या दोघी एकमेकींच्या रानात कांदे काढायला जाणाऱ्या, जुन्या मैत्रिणी.

"अंजे, सासरा गेला आमचा. आन् तू मानसं जमवाया आलीस व्हय?"

पाळकाचं नाव घेतलं असतं तर काकू सुटल्या असत्या. घेतलं नाही. त्यांच्या या भिडेचा मला आजही राग येतो. त्यानंतर गावात मयत झालं तरी काकूंची टोपली खुंटीलाच राहिली. "आता माझ्या हातची भाकर कोन सरळ मनानं खाईल?" म्हणत त्या माझ्यासमोर रडल्या.

मी पाळकाला सगळं सुनावलं. तो ओशाळला. कोंडिबाच्या घरी जाऊन, काम माझं, काकूंना माहीतही नव्हतं, असं कबूल करून आला. वरच्यांनाही त्यानं सांगितलं, "न्हावऱ्यात मी भर नाही, घट केली. उपासना तेवढी राहू द्या." उपासना राहिली. नकुशी मात्र, आता बहुधा शरमेनं, काकू रस्त्यात दिसल्या तरी मान फिरवायची.

यंदा पाळकाची आई गेली. निरोप आला तसा काकूंनी खुंटीवरची टोपली काढली, पीठ मळलं आणि तशाच बसून राहिल्या. थापायला हात धजेना. मी एसटीची वेळ सांगत होतो, तेवढ्यात दारात नकुशी, हातात पिठल्याचं पातेलं.

"त्यांच्याबी घरी चूल पेटली नसंल. सरक, भाकरी मी थापते."

काकू सरकल्या. एसटीत माझ्या शेजारी दौंडपर्यंत नकुशीनं पातेलं मांडीवर धरलं होतं आणि काकूंनी टोपली.

दौंडला मूठमाती देऊन पाळक घरी येऊन बसला होता. नकुशीनं टोपली त्याच्यापुढं ठेवली. त्यानं तिला ओळखलं आणि भाकरीकडं गेलेला हात मध्येच थांबला.

"खावा, पाळकसाहेब," नकुशी म्हणाली. "खाली काय न्हाई."

पाळकानं पहिला घास मोडला आणि हुंदके देऊन रडला. मातीजवळ तो रडला नव्हता, असं घरचे म्हणाले. काकूंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.